पार्किंगमधील अॅल्युमिनियमच्या होडीबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष,
व्यवस्थापन समिती, सहकारी गृहनिर्माण संस्था,
कर्नाळ रस्ता, सांगली

विषय : माझ्या पार्किंगच्या जागेत होडीची दुरुस्ती करण्यास मेअखेरपर्यंत परवानगी मिळणेबाबत

मा. अध्यक्षसाहेब,

सप्रेम नमस्कार. पार्किंगमध्ये ठेवलेली जुनी होडी आठ दिवसांत हलवावी, अशी समितीची सूचना मिळाली. काही सभासदांनी तोंडी तक्रार केल्याचे सचिवांनी सांगितले. आवाज, रंगाचा वास, डास, आगीचा धोका आणि ‘पार्किंगचे भंगारखाने होऊ नयेत’ हे मुद्दे त्यांनी मांडले. यातला एकही मुद्दा मला गैर वाटत नाही. तरीही होडी हलवण्याआधी माझे म्हणणे समितीसमोर वाचले जावे, म्हणून सविस्तर लिहितो.

ही होडी भंगारात काढलेली होती हे खरे. लांबी चौदा फूट, रुंदी पाच फूट, तळ जवळजवळ सपाट. भंगारवाल्याने ती वजनावर घेतली होती आणि दुसऱ्या दिवशी कापायची होती. मी पाहिली तेव्हा आतले लाकूड कुजलेले होते, बाकांखालचा फोम पाणी पिऊन जड झाला होता आणि तळाच्या रिव्हेटच्या, म्हणजे पत्रे जोडणाऱ्या ठोकखिळ्यांच्या, ओळीतून उजेड दिसत होता. पण पत्रा चांगला होता. आत टॉर्च लावून अंधारात बाहेरून पाहिले, तेव्हा रिव्हेटच्या ओळी सोडल्या तर फक्त मागच्या कोपऱ्यात टाचणीएवढी काही भोके दिसली. बाकी तळ स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोकून पाहिला, तर सगळीकडे खणखणीत आवाज आला. असा पत्रा कापून वितळवायला माझे मन होईना.

अॅल्युमिनियम गंजत नाही असे आपण म्हणतो, ते अर्धेच खरे आहे. हवा लागली की त्याच्यावर स्वतःचाच एक अतिशय पातळ थर तयार होतो आणि आतल्या धातूला तोच राखतो. मात्र ओले लाकूड किंवा ओला फोम वर्षानुवर्षे चिकटून राहिला, तर तिथे हवा पोचत नाही, थर पुन्हा धरत नाही आणि पांढरी भुकटी पडून खड्डे होतात. आपल्या होडीत नेमके हेच झाले आहे. दुसरा शत्रू म्हणजे तांबे. अॅल्युमिनियमला तांबे टेकले आणि मध्ये ओलावा असला, की झिजते ते अॅल्युमिनियम. सचिवांनी आपुलकीने सुचवले होते की फळ्यांऐवजी चांगले मरीन प्लाय टाका, काम लवकर संपेल. प्लायच वापरणार आहे. पण अशा प्लायला कीड लागू नये म्हणून अनेकदा तांबेयुक्त औषध दिलेले असते. ते थेट पत्र्यावर बसवले तर पुन्हा तेच दुखणे. त्यामुळे प्लायच्या सर्व बाजू, कापलेल्या कडाही, इपॉक्सीने बंद करायच्या, खाली रबरी पट्टी द्यायची आणि स्क्रू स्टेनलेसचे घेऊन त्यांनाही सीलंट लावायचे. या कामाला वेळ लागतो तो यामुळे. घाईने रंग फासला तर होडी दिसायला नवी होईल आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा गळेल.

आता तक्रारींविषयी. आवाज मुख्यतः रिव्हेटचा आहे. सैल झालेला रिव्हेट दोघांनी मिळून पुन्हा बसवायचा असतो. एकजण आतून जड लोखंडी ठोकळा दाबून धरतो, दुसरा बाहेरून हातोडी मारतो. त्याला पर्याय नाही. दहावी-बारावीच्या परीक्षा संपेपर्यंत हे काम मी पूर्ण थांबवतो. त्यानंतरही फक्त रविवारी, सकाळी ११ ते १. निवासी भागात दिवसा आवाजाची मर्यादा ५५ डेसिबल आहे हे मला माहीत आहे. हातोडीचा ठोका त्याच्या वर जातो हेही मान्य आहे. म्हणूनच वेळ इतकी मर्यादित ठेवली आहे, आणि कोणाच्या घरी आजारपण असेल तर त्या रविवारी काम बंद. जी भोके आहेत त्यांना वेल्डिंग लागेल. ते मी पार्किंगमध्ये अजिबात करणार नाही. अॅल्युमिनियमचे वेल्डिंग आर्गॉन वायूच्या आडोशाने करावे लागते, म्हणजे तापलेल्या धातूला हवा लागत नाही. शिवाय धातू ६६० अंशांना वितळतो, तर त्याच्यावरचा थर दोन हजार अंशांच्याही पुढे. आधी तो थर नीट घासून काढला नाही तर जोड धरतच नाही. हे काम येणारा कारागीर कुपवाडच्या एमआयडीसीत आहे. होडी शंभर किलोच्या आसपास भरते, चौघांनी उचलून छोट्या टेम्पोत सहज जाते.

आगीचा मुद्दा सर्वांत गंभीर आहे आणि तो विचारल्याबद्दल मी समितीचा आभारी आहे. अॅल्युमिनियमची बारीक कोरडी धूळ पेट घेऊ शकते. पेटलेल्या धुळीवर पाणी टाकले तर हायड्रोजन सुटून भडका वाढतो. त्यामुळे इथे ग्राइंडर चालणार नाही. घासकाम वॉटर पेपरने, ओले ठेवूनच होईल आणि गाळ त्याच दिवशी पुसून बाहेर जाईल. कोरड्या वाळूच्या दोन बादल्या खांबापाशी ठेवल्या आहेत. मुलांना तिथे हात घालू देऊ नये, एवढी पालकांना विनंती. थिनर आणि रंगाचे डबे पार्किंगमध्ये राहणार नाहीत. रंग ब्रश आणि रोलरने लावीन. दोन घटकांच्या पॉलीयुरेथेन रंगाची फवारणी श्वासाला घातक असते, त्यामुळे स्प्रेगन आणणार नाही. प्रायमरचा वास एक-दोन दिवस येईल. त्याची तारीख चार दिवस आधी फलकावर लिहीन, म्हणजे दम्याचा त्रास असणाऱ्यांना खिडक्या बंद ठेवता येतील.

डासांचे उत्तर सोपे आहे. होडी टेकूच्या घोड्यांवर उलटीच ठेवली आहे, तिच्यात पाणी साचत नाही. फक्त एक दिवस ती सुलटी करून आत चार-पाच इंच बोअरचे पाणी भरावे लागेल. बाहेरून जिथे थेंब येईल तिथे खडूने खूण, हीच गळती शोधायची खात्रीची पद्धत. ते पाणी संध्याकाळी नारळांना जाईल.

आता मूळ गोष्ट. एवढा खटाटोप मी हौसेसाठी करत नाही. आपल्या संस्थेला स्वतःची होडी असली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४० फुटांना पुराची इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. २००५ ला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेले तेव्हा असे पुन्हा होणार नाही म्हणत होतो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेले आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा ५० च्या पार. कोयनेचा विसर्ग, वारणेचे पाणी, पाणलोटातला पाऊस यांतले काहीही आपल्या हातात नाही. आपल्या भागात पाणी धारेने येत नाही, ते नाल्यातून मागे फुगत येते आणि दिवसेंदिवस उभे राहते. २०१९ ला वरच्या मजल्यांवर अडकलेल्यांना दूध, इन्सुलिन, रक्तदाबाच्या गोळ्या कशा पोचवायच्या, हा प्रश्न आपण सगळ्यांनी गच्चीत बसून सोसला आहे. बचाव पथकांनी जिवाचे रान केले, पण सारे शहर बुडाले असताना प्रत्येक गल्लीला बोट मिळणे शक्यच नव्हते. शिवाय त्यांच्या रबरी बोटींना आपल्या गल्लीतली कुंपणाची टोके आणि काटेरी तारा नडतात. पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. दोन मिलिमीटरचा अॅल्युमिनियमचा पत्रा अशा ठिकाणी ओरखडा घेतो, सहसा फाटत नाही.

या मुलखाला होडी परकी नाही. नदीकाठच्या गावांत आंबी पिढ्यान्पिढ्या नाव चालवत आले, गुऱ्हाळाच्या काहिलीत बसून माणसांनी पूर ओलांडलेला आपल्या वडीलधाऱ्यांनी पाहिला आहे, आणि होड्यांच्या शर्यतींना कृष्णाकाठी आजही गर्दी होते. नदी इतकी जवळ असताना शंभर कुटुंबांच्या संस्थेकडे एक वल्हे नसावे, हे मला पटत नाही.

पण होडी असणे म्हणजे कोणालाही कितीही बसवणे नव्हे. ब्रह्मनाळला ८ ऑगस्ट २०१९ रोजी पुरातून माणसांना बाहेर काढणारी, जादा भरलेली बोट उलटली, ती दुर्घटना सांगली जिल्ह्यात कोणी विसरलेले नाही. म्हणून क्षमता मी आधीच ठरवली आहे. लहान होडीसाठी लांबी आणि रुंदी फुटांत गुणून १५ ने भागायचे, असा एक ढोबळ नियम आहे. आपल्याकडे १४ गुणिले ५, म्हणजे ७०. उत्तर साडेचारच्या थोडे वर येते. मी चारच धरतो, वल्हवणारा धरून. हा आकडा दोन्ही बाजूंना मोठ्या अक्षरांत रंगवला जाईल. होडीत चार लाइफ जॅकेट राहतील, खर्च माझा. बाकांखाली पाणी न पिणारा नवा बंद पेशींचा फोम बसवतो आहे, कारण होडी पाण्याने भरली तरी ती तरंगत राहिली पाहिजे. तिला धरून माणूस थांबू शकतो. जुना भिजलेला फोम हे काम करू शकला नसता. इंजिन लावणार नाही. नदीच्या धारेत किंवा रस्त्यावरच्या ओढीत ती जाणार नाही, फक्त गल्लीच्या उभ्या पाण्यात, आणि महापालिकेच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षाला कळवूनच. वल्हवायला पट्टीचे पोहणारे दोघे हवेत. बी इमारतीतल्या दोन तरुणांनी तयारी दाखवली आहे. त्यांच्या घरच्यांची लेखी संमती घेतल्याशिवाय मी त्यांना बसवणार नाही.

तेव्हा विनंती अशी. पावसाळ्यापूर्वी, ३१ मेपर्यंत, माझ्याच नावावर असलेल्या पार्किंगच्या जागेत हे काम करू द्यावे. माझी गाडी तोवर बाहेर उभी राहील, दुसऱ्या कोणाच्या जागेत नाही. काम पूर्ण झाल्यावर होडी मी संस्थेला विनामूल्य देईन. ती जिन्याखालच्या मोकळ्या जागेत कडेवर उभी करून साखळीने बांधता येते, माप घेऊन पाहिले आहे. तिथे अग्निशमनाचा मार्ग अडत नाही. संस्थेने ती स्वीकारायची नसेल तर १ जूनपूर्वी मी ती आवाराबाहेर नेईन, तसे आताच लिहून देतो.

हा विषय येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर घ्यावा आणि तोपर्यंत आठ दिवसांची मुदत स्थगित ठेवावी. सभेआधी समितीतील कोणाला होडी पाहायची असेल तर मी रोज संध्याकाळी सहानंतर घरी असतो. ती उलटी ठेवलेली असल्यामुळे तळ आणि रिव्हेटच्या ओळी नीट तपासता येतील. ज्यांनी तक्रार केली त्यांनाही घेऊन यावे, त्यांच्या सूचना मला लेखी मिळाल्या तर त्याप्रमाणे वेळा आणखी बदलेन.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
सदनिकाधारक, ए इमारत, तळमजला

प्रत : मा. सचिव, माहितीसाठी