रवळनाथातला ळ

मा. संपादकसाहेब,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही मुलग्यांच्या दुर्मिळ नावांचं अख्खं पान दिलंत, ते मी समोरचा चहा निवेपर्यंत वाचत बसलो, म्हटलं बघूया आपलं नाव आहे का. नाही. रेयांश आहे, कियांश आहे, अयांश आहे, सगळे अंशच, पुरा असा एकपण नाही. त्यात रेयांशचा अर्थ दिलाय सूर्यकिरणाचा अंश. आता रवि अधिक अंश केलं तर रव्यंश होतं हे आम्हाला शाळेत घोकून घेतलंय, मग हा 'रे' कुठून आला, इंग्लिश मीडियममधून? जाऊ दे, ज्याचं पोर त्याने ठरवावं. पण दुर्मिळ म्हणू नका हो त्याला, आमच्या पुतणीच्या मुलाच्या बालवाडीत दोन रेयांश आहेत आणि बाई एकाला मोठा रेयांश नि दुसऱ्याला छोटा रेयांश म्हणून हाक मारतात. दुर्मिळ नाव माझं आहे. रवळनाथ.

मी वेंगुर्ला तालुक्यातला. रवळनाथ हा आमच्या ग्रामदेवतांपैकी एक, आणि माझ्या आजोबांचं नाव पण तेच, ते गेल्यावर दोन वर्षांनी मी झालो म्हणून नाव मला आलं. इथे सगळा घोळ झाला, कारण आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव घेत नाही. म्हणजे आईला माझं नाव घ्यायची सोयच नव्हती. ती जन्मभर मला बाबू म्हणाली, आणि देवळात गेली तरी 'रवळनाथा' असं कधी तोंडातून काढलं नाही, 'मोठ्या देवा, पोरांका सांभाळ' एवढंच. एकदा चुलीपुढे बसून म्हणाली होती, "तीनय नावां एकच, नि घेवची सोय एकाचीव नाय." शेजारच्या काकीचा प्रॉब्लेम वेगळा होता. ती म्हणायची, "देवाचा नाव ठेवलास, आता ह्याका गाळी खंयच्या नावान घालू?" मालवणी माणसाची ही अडचण बाहेरच्यांना नाही कळायची. मग वाडीत माझा रवळो झाला, रवळ्या झाला, म्हणजे शिवी घातली तरी ती देवापर्यंत पोचत नाही असा एकूण सगळ्यांचा समज. पहिलीत गुरुजींनी हजेरीला 'रवळनाथ' असं खणखणीत म्हटलं तेव्हा मी उठलोच नाही, मला वाटलं देवापुढचं गाऱ्हाणं सुरू झालं, आता सगळे 'व्हय महाराजा' म्हणणार.

आता हे नाव आलं कुठून, कारण तुम्ही अर्थ पण देता ना प्रत्येक नावापुढे. याचा एक अर्थ सांगणं कठीण आहे. मला सगळ्यात पटते ती राऊळाची वाट. संस्कृतात राजकुल, प्राकृतात त्याचं राउल, मराठीत राऊळ. जुन्या मराठीत राऊळ म्हणजे राजाचा वाडा, खुद्द राजा पण, आणि मग देवाचा वाडा म्हणजे देऊळ. तोच शब्द उत्तरेकडे रावल झाला, मेवाडचा बाप्पा रावल तो हाच, डुंगरपूरचे राजे महारावल म्हणवत, आणि बद्रीनाथच्या मुख्य पुजाऱ्याला आजपण रावलच म्हणतात, गंमत म्हणजे तो असतो केरळचा नंबुद्री. आमच्या जिल्ह्यात राऊळ आडनावाची घरं तर गावागणिक सापडतील. म्हणजे रवळनाथ हा राऊळाचा नाथ, गावचा राजाच म्हणा ना, आणि गाऱ्हाण्यात त्याला महाराजा म्हणतात ते काय उगाच नाही.

दुसरे लोक म्हणतात नाथपंथाकडे बघा, त्यांच्या बारा पंथांत एक रावळ पंथ आहे आणि देवाच्या नावात नाथ आहेच. हातात तलवार, त्रिशूळ, डमरू नि पात्र, म्हणजे भैरवाचंच रूप, तेव्हा तेही खोटं म्हणवत नाही. तिसरी व्युत्पत्ती आमच्या वर्गातल्या पोरांची, तांदूळ धुवायच्या रोवळीवरून. तिला पुरावा काही नाही पण चौथीपर्यंत माझ्या डोक्यावर ती बरीच वेळा उपडी झालेली आहे.

या नावात खरा जीव आहे तो ळ मध्ये. फल चं फळ, कुल चं कुळ, तसं राजकुलाच्या ल चा राऊळात ळ झाला. आणि तोच नेमका सगळे खातात. माझे आजोबा मुंबईला गिरणीत साच्यावर होते, भरतीच्या वेळी मस्टरवर लिहिणाऱ्या कारकुनाला हे नाव ऐकून माहीत नव्हतं, त्याने सरळ रघुनाथ लिहून टाकलं. आजोबांना वाचता येत नव्हतं, पगार बरोबर मिळतोय म्हटल्यावर नाव बघतो कोण. सगळी नोकरी रघुनाथ म्हणून झाली आणि फंडाचे पैसे काढायच्या वेळी रघुनाथ आणि रवळनाथ हा एकच इसम आहे असं स्टॅम्पपेपरवर लिहून द्यायला लागलं. तो कागद अजून आमच्या पेटाऱ्यात आहे, घड्यांवर फाटलाय.

माझ्या वेळेला कारकून गेले नि कॉम्प्युटर आले, फरक एवढाच. माझ्याकडे आज तीन कार्डं आहेत, एकावर रवळनाथ, एकावर रवलनाथ, आणि एकावर रावलनाथ, तो तर मेवाडचाच कोणीतरी वाटतो. नाव आधी इंग्रजीत टाकतात, तिथे ल नि ळ दोन्हींना एकच अक्षर, मग मशीन त्याचं परत मराठी करतं नि त्यात ळ कुठला यायला. केवायसीला गेलो तर काउंटरवरचा पोरगा म्हणाला, काका, सॉफ्टवेअर तसंच घेतं, मी काय करू. त्याच्या गळ्यात ओळखपत्र लटकत होतं, त्याच्या आडनावातही ळ, आणि तो पण ल झालेला. मी बोट दाखवलं. त्याने ते कार्ड उलटंपालटं करून बघितलं, हसला, आणि माझा अर्ज परत दिला, म्हणाला गॅझेट करा. म्हणजे चुकलं मशीन आणि नावात बदल केल्याचं राजपत्रात छापून आणायचं मी!

ते राहू दे. माझा मुद्दा लोकप्रियतेचा होता. गोव्यातली देवळं बघा. मंगेश, नागेश, रामनाथ, दामोदर, हे सगळे पण एकेका गावात बसलेले देवच आहेत, मंगेशी, नागेशी, रामनाथी, जांबावली. तरी ही नावं आज महाराष्ट्रात कुठेही सापडतात. आमच्या वेंगुर्ल्यात १९२९ साली जन्मलेले कवी पाडगावकर मंगेशच की, आणि मंगेश म्हटल्यावर कोणी विचारत नाही की हे काय नाव. मग रवळनाथानेच काय घोडं मारलंय? माझं आपलं मत असं की मंगेश हे कुलदैवत. कुलदैवत माणसाबरोबर प्रवास करतं, घर मुंबईला गेलं की नाव पण मुंबईला जातं. अहो तो देव स्वतःच एकदा स्थलांतर करून आलेला, १५६० साली पोर्तुगीजांच्या धास्तीने कुठ्ठाळीहून प्रियोळला. रवळनाथ पडला ग्रामदैवत, क्षेत्रपाल. त्याचं कामच मुळी गावाची शीव राखायचं, तो शीव ओलांडून जाणार कुठे. चाकरमानी त्याला नारळ द्यायला मे महिन्यात एसटीच्या दाटीतून येतील, दसऱ्याला तरंगांपुढे, म्हणजे देवाच्या सजवलेल्या खांबांपुढे, रजा काढून उभे राहतील, पण परत जाताना नाव काही बरोबर नेत नाहीत, ते गावातच ठेवून जातात.

म्हणून मग हे नाव सापडतं ते ठरावीक पट्ट्यात. सावंतवाडी, कुडाळ, वेंगुर्ला, खाली पेडण्याकडे गोव्यात, आणि घाट चढलात की आजरा नि चंदगड, तिकडे रवळू हे नाव अजून चालतं. सावंत-भोसल्यांच्या ओटवण्याला दसऱ्याला एकदा जाऊन बघा, रवळनाथ म्हणजे काय प्रस्थ आहे ते कळेल. पण माणसं? आमच्या गावची मतदार यादी मी मुद्दाम चाळली, रवळनाथ नावाचे आम्ही तिघे, तिघेही पन्नाशीच्या पुढे, एकाची तब्येत बरी नसते. देवाचं नाव मात्र जिकडेतिकडे. डंपरच्या कपाळावर श्री देव रवळनाथ प्रसन्न, होडीच्या नाळेवर, भजन मंडळाच्या बॅनरवर, किराणाच्या बोर्डावर, क्रिकेटच्या टीमच्या टी-शर्टच्या पाठीवर. वाळूच्या डंपरला चालतं ते नाव पोराला चालत नाही, हे मला काही कळलेलं नाही.

आता जरा घरातलं. पुतण्याला डोंबिवलीत मुलगा झाला, बारशाला आम्ही गेलो. मी तोंड उघडणार नव्हतो, खरंच. पण त्याची बायको, पोरगी चांगली आहे, तीच म्हणाली, काका, तुमच्या नावाचा अर्थ काय हो? मी वर लिहिलं ते सगळं सांगितलं, बद्रीनाथपर्यंत गेलो. तिने ऐकता ऐकता मोबाइलवर नाव सर्च केलं, आधी आलं एक लॉज, मग एक हार्डवेअरचं दुकान, मग डबलबारी भजनाचा व्हिडिओ. म्हणाली, छान आहे पण लांब आहे, आणि इथल्या शाळेत सगळे हिंदीवाले, त्याला रावलनाथ करून टाकतील. यावर मी काय बोलणार, माझ्या खिशात तीन कार्डं. शेवटी असं ठरलं की पाळण्यात रवळनाथ म्हणायचं, आत्याने कानात तेच सांगितलं नि पाठीवर बुक्के पण खाल्ले, आणि कागदावरचं नंतर बघू. जन्माच्या नोंदीत नाव घालायला बारा महिने काही फी नसते, आणि पुढे विलंब शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येतं, हे तिनेच मला सांगितलं, मला माहीत नव्हतं. पोराला सध्या सगळे बाबूच म्हणतात.

बारातले चार महिने गेले. तुमचं नावांचं पान परत निघणार असेल तर त्यात रवळनाथ घाला, अर्थ वरच्या तीनपैकी पहिला द्या, रोवळीचा नको. मी कात्रण डोंबिवलीला पाठवतो. आणि हे पत्र तुमच्याकडे टाइप करणाऱ्याला सांगून ठेवा, खाली सही केली आहे त्यातला ळ बघून घे म्हणून.

आपला,
रवळनाथ
ता. वेंगुर्ला, जि. सिंधुदुर्ग