रविवारी कासदाह तपासणी

सभासदांनो, येत्या रविवारी सकाळी ७ वाजता संकलन केंद्रावर दुधाची सीएमटी तपासणी (कासदाह, म्हणजे कासेचा दाह, ओळखण्याची चाचणी) आहे. प्रत्येक दुभत्या गायीच्या चारही सडांचं त्याच सकाळचं दूध वेगवेगळ्या स्वच्छ बाटल्यांत आणा. बाटलीवर गायीचा बिल्ला क्रमांक आणि सड लिहा. एकत्र दूध आणलं तर कोणता सड बिघडलाय ते कळणार नाही.

कास सुजलेली नाही म्हणून नमुना टाळू नका. सुप्त (बाहेरून न दिसणाऱ्या) कासदाहात दूध दिसायला चांगलंच असतं, फक्त घटतं.

तोवर:
- आजारी गायीची धार सगळ्यांत शेवटी काढा.
- धारेनंतर सड आयोडीनच्या द्रावणात बुडवा. सडाचं तोंड उघडं असतं, म्हणून अर्धा तास गायीला बसू देऊ नका (वैरण टाकली की उभी राहते).
- प्रतिजैविक चालू असलेल्या गायीचं दूध केंद्रावर घालू नका.