चिऊला उचलून घेण्याविषयी

गंगापूर रोड, नाशिक

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलेस, की चिऊ रडू लागली म्हणजे लगेच उचलावे की थोडा वेळ रडू द्यावे. तुझी आत्या म्हणते, हाताची सवय लागली तर पोर खाली उतरायची नाही. सूनबाईने जे वाचले आहे त्यात बाळाला दिवसभर अंगाशी बांधून ठेवण्याचा आग्रह आहे. आणि तुम्हा दोघांची या दोन मतांमध्ये ओढाताण होते आहे. माझी सारी नोकरी बालवाडीत झाली असल्यामुळे या बाबतीत माझी मते पक्की आहेत, आणि ती फोनवर घाईघाईने सांगण्यासारखी नाहीत, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर सरळ आहे. उचलून घ्यावे. चार महिन्यांचे मूल लाडावत नसते, कारण रडून आपला हेका चालविण्याइतका विचार त्या वयात होतच नाही. भूक, ओले दुपटे, पोटात धरलेला वारा, डोळ्यांवर आलेली पण न लागणारी झोप किंवा नुसतेच एकटे वाटणे, यांपैकी काहीही सांगण्यासाठी तिच्यापाशी रडण्यावाचून दुसरे साधन नाही. सिल्व्हिया बेल आणि मेरी एन्सवर्थ या दोघी संशोधिकांनी अमेरिकेतील बाल्टिमोर येथे २६ आई-बाळांच्या जोड्या वर्षभर घरी जाऊन पाहिल्या आणि १९७२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या आया पहिल्या काही महिन्यांत बाळाच्या रडण्याला तत्परतेने धावून जात होत्या, त्यांची मुले वर्षाच्या अखेरीस कमी रडत होती. त्या निष्कर्षावर पुढे अभ्यासकांमध्ये वाद झाले, हेही तुला माहीत असावे. परंतु मी स्वतः जी मुले पाहिली त्यांच्यावरून मला बेल आणि एन्सवर्थ यांचेच म्हणणे पटते.

उचलू नका, हा सल्ला आपल्याकडे जुन्या बायकांचे शहाणपण म्हणून सांगितला जातो, पण पुस्तकांतून त्याला मोठे बळ मिळाले ते गेल्या शतकात. जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९२८ मध्ये आईबापांना असे लिहून ठेवले की मुलांना कुशीत घेऊ नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, सकाळी भेटल्यावर फार तर हस्तांदोलन करावे. न्यूझीलंडचे डॉक्टर ट्रूबी किंग यांनी घड्याळ लावून दर चार तासांनी दूध पाजण्याची शिस्त घालून दिली. त्या काळी हे सारे शास्त्रीय आणि आधुनिक मानले गेले. १९५१ मध्ये जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविकारतज्ज्ञांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी अहवाल लिहून, लहान मुलाला आईचा अथवा आईच्या जागी असलेल्या व्यक्तीचा उबदार, जवळचा आणि अखंड सहवास मिळाला पाहिजे, असे बजावले तेव्हा कुठे हे चित्र पालटू लागले. ब्रिटनमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या मुलांना आईबापांनी हवे तेव्हा भेटावे, ही शिफारस सरकारी समितीने १९५९ मध्ये केली. त्यापूर्वी आजारी लेकराला भेटण्याचीही ठरावीक वेळ असे, ही गोष्ट वाचताना मला आजही कळवळून येते.

आता सूनबाईच्या मताविषयी. तिची वृत्ती योग्य आहे आणि तिला कोणी हसू नये. विल्यम आणि मार्था सिअर्स या दांपत्याने अमेरिकेत ज्या पद्धतीचा प्रसार केला, म्हणजे बाळ अंगाशी बांधून वावरणे, मागेल तेव्हा अंगावर पाजणे, जवळ घेऊन झोपणे, तिच्यात आपल्या आज्यांना नवे वाटेल असे फारसे काही नाही. दिंडोरी-निफाडकडच्या द्राक्षबागांत पेठ-सुरगाण्याहून कामाला आलेल्या बायका मी अनेकदा पाहिल्या आहेत. मांडवाच्या अँगलला जुन्या लुगड्याची झोळी बांधलेली असते, आई हात वर करून घडांची विरळणी करीत असते, आणि झोळीतून नुसते कुरकुरणे आले तर ती पायाने हलका झोका देते. आवाज चढला तर मात्र कात्री कमरेला खोचून लगेच खाली बसते आणि पदराखाली घेते. पहिल्या आवाजाला झोका पुरतो आणि दुसऱ्याला दूधच लागते, हे तिला कळलेले असते. मला महत्त्व वाटते ते या कळण्याचे. झोळी असली काय आणि नसली काय, ते कळणे असेल तर मूल निर्धास्त होते.

म्हणूनच ज्या ठिकाणी ही पद्धत नियमांची यादी होऊन बसते, तेथे माझे तिच्याशी पटत नाही. एखाद्या आईला दूध पुरत नाही, एखादीची पाठ दुखते, एखादीला नोकरीवर परतावेच लागते, आणि मग आपण बाळाशी असलेले नाते तोडले अशी टोचणी तिला लागते. बाळ आणि त्याला सांभाळणारे माणूस यांच्यातील जवळिकीविषयी बोल्बी-एन्सवर्थ यांचा जो सिद्धांत आहे, त्यात अशी यादी कोठेही नाही. एडवर्ड ट्रॉनिक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आई आणि बाळ समोरासमोर बसवून त्यांच्या हालचाली क्षणाक्षणाने तपासल्या, तेव्हा चांगल्या जोडीचेही सूर साधारण एक तृतीयांश वेळच जुळलेले आढळले. उरलेल्या वेळात चुकामूक होते, ती लक्षात येते आणि पुन्हा जुळवून घेतले जाते. आणि हे पुन्हा जुळवून घेणेच बाळाला भरवसा देते. सूनबाईला हे तू वाचून दाखव. काल स्वयंपाक अर्धा टाकून येईपर्यंत चिऊ पाच मिनिटे रडली, म्हणून ती डोळ्यांत पाणी आणत असेल तर त्याची काही गरज नाही.

ज्या गोष्टीला या सिद्धांतात 'सुरक्षित आधार' असे मोठे नाव आहे, ती बालवाडीच्या उंबऱ्यावर दर जूनमध्ये दिसे. एक मुलगा आजीबरोबर यायचा. आजी दाराशी बसायची आणि हा वाळूत जाऊन वाटी भरायचा, परत येऊन आजीच्या गुडघ्यावर तळहात टेकवायचा, एक शब्दही न बोलता पुन्हा वाळूत जायचा. दुसऱ्या आठवड्यात तो घसरगुंडीपर्यंत पोहोचला आणि गुडघ्याला हात लावण्याचे प्रमाण कमी झाले. एकदा आजी पाणी प्यायला आत गेली, तेव्हा वाटी हातात तशीच धरून तो थिजल्यासारखा उभा राहिला होता. एन्सवर्थ यांनी १९५४-५५ मध्ये युगांडात कम्पालाजवळच्या खेड्यांतून हेच टिपले होते. आई दिसत असेल तर मूल रांगत दूर जाते, मागे वळून पाहते आणि पुन्हा पुढे जाते. जवळ घेतल्याने मूल परावलंबी होते असे ज्यांना वाटते, त्यांनी हे नीट पाहावे. ज्याला परतण्याची जागा पक्की ठाऊक असते, तेच मूल दूरवर जाते.

आणि तो गुडघा आजीचा होता, हे विसरू नकोस. या पत्रात तुला उद्देशून मला जे सांगायचे आहे ते हेच. रुडॉल्फ शॅफर आणि पेगी एमर्सन यांनी ग्लासगो शहरातील ६० बाळांचा अभ्यास १९६४ मध्ये प्रसिद्ध केला. दीड वर्षाची होईपर्यंत त्यांतील बहुतेक बाळे एकाहून अधिक माणसांशी जोडली गेली होती, बापाशीही. आणि बाळ कोणाशी अधिक जोडले जाते, हे दूध कोण पाजते किंवा दिवसभर कोण सोबत असते यावर अवलंबून नव्हते, तर त्याच्या खुणांना कोण उत्तर देते यावर होते. सूनबाई पाजते म्हणून चिऊ तिची आणि तू बाहेरून मदत करणारा, असे मानून वागू नकोस. जन्मली तेव्हा ती दोन किलोही भरली नव्हती. परिचारिकेने तुला सदरा काढायला लावून तिला तुझ्या उघड्या छातीवर ठेवले, तेव्हा तू श्वाससुद्धा जपून घेत होतास, आणि अर्ध्या तासात तिचे गार पाय कोमट झाले होते. ही कांगारू पद्धत १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा येथे, उबपेट्या अपुऱ्या पडत म्हणून सुरू झाली. पुढे भारतासह पाच देशांत, दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयातही, अगदी कमी वजनाच्या बाळांवर चाचणी झाली, आणि जन्मानंतर लगेचच ही पद्धत सुरू केल्यास पहिल्या २८ दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटतात, असे २०२१ मध्ये दिसून आले. त्या छातीची ऊब आजही तेवढीच उपयोगी आहे. रात्रीचे एक उठणे तू घे; पाजून झाल्यावर ढेकर काढून निजवणे, आणि सकाळची अंघोळ, ही कामे रोज तुझ्याच हातची असू देत.

'नैसर्गिक' या नावाखाली जे जे येते ते सारे मात्र डोळे झाकून घेऊ नका. सहा महिने पूर्ण होईपर्यंत आईच्या दुधाशिवाय काही नाही, पाणीसुद्धा नाही, आणि त्यानंतर वरच्या अन्नाबरोबर दोन वर्षे किंवा पुढेही अंगावर पाजावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे सांगणे निसर्गाला धरून आहे आणि शास्त्रालाही. परंतु वर्षाच्या आत मध चाटवू नये, कारण त्यातील जिवाणूंच्या बीजांमुळे तान्ह्या बाळाला जीवघेणी विषबाधा होऊ शकते. काजळात शिसे असू शकते, तेव्हा डोळ्यांत काजळ नको. तेल लावून हलक्या हाताने मालिश अवश्य करावे, पण नाकाकानांत तेल सोडू नये आणि अंघोळीनंतर धुरीही देऊ नये. एवढ्याशा फुप्फुसांना धूर सोसत नाही. विहीणबाई हे सर्व प्रेमाने सुचवतील, तेव्हा त्यांचा मान राखून, माझे नाव पुढे करून नाही म्हण. लसीकरणाबाबत तर चर्चाच नको. नऊ महिने पूर्ण झाले की गोवराची लस ठरल्या तारखेला टोचलीच पाहिजे, मग कोणी कितीही नैसर्गिक प्रतिकारशक्तीच्या गोष्टी सांगो.

झोपेविषयी तुझे बाबा माझ्याहून कडक आहेत, आणि येथे मी त्यांच्या बाजूची आहे. चिऊ तुमच्या खोलीत, तुमच्या हाताच्या अंतरावर असावी, पण तिचे अंथरूण वेगळे, सपाट आणि घट्ट असावे, आणि तिला पाठीवरच निजवावे. थंडीत इकडे आणलेत तर नाशिकच्या गारठ्याने कोणालाही जाड दुलई ओढावीशी वाटेल. तसे न करता अंगात कपड्यांचा एक थर वाढवावा. सोफ्यावर तिला छातीवर घेऊन तुझा डोळा लागता कामा नये. कापडाने बांधून घ्याल तेव्हा तिचे तोंड सतत दिसले पाहिजे आणि हनुवटी छातीला टेकलेली नसावी, नाहीतर श्वास कोंडतो. झोळीत मान अशीच मुडपते, म्हणून तीत तिला पाहणारे कोणी नसताना निजवू नये.

राहिला प्रश्न सूनबाईच्या नोकरीचा. मातृत्व लाभ कायद्यातील २०१७ च्या दुरुस्तीपासून बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा मिळते आणि ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय कायद्याने बंधनकारक आहे, आईला दिवसातून चार वेळा तेथे जाता येते. ही सोय आहे की नाही, हे तिने आताच लेखी विचारून घ्यावे. पाळणाघर म्हटले की अपराधी वाटण्याचे कारण नाही. बालशिक्षणाचे काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी पालघरकडच्या कोसबाडला बालवाडीला जोडून पाळणाघर चालविले, कारण धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन फिरणाऱ्या मुलींना त्याशिवाय शिकताच येत नव्हते. पाहायचे ते एवढेच, की चिऊला सांभाळणारी बाई रोज तीच असते का, तिच्याकडे एका वेळी किती तान्ही असतात, आणि मूल रडले तर ती आधी त्याच्याकडे पाहते की आईकडे पाहून हसते. तासभर कोपऱ्यात बसून पाहिलेस तर हे तुला कळेल. रंगीत भिंतींवरून काही कळणार नाही. साधारण आठव्या महिन्याच्या सुमारास मुले अनोळखी माणसाला बिचकू लागतात, म्हणून त्याआधीच तिची त्या बाईशी ओळख होऊ द्या. पहिले काही दिवस तुमच्यापैकी एकाने तेथे बसावे, मग थोडा थोडा वेळ बाहेर जावे, आणि जाताना तिची नजर चुकवून कधीही निघू नये. सांगून गेलेले माणूस परत येते, हे तिला रोज पाहून कळेल.

तुझ्या कार्यालयात बापाला किती दिवस रजा मिळते तेही विचार. केंद्र सरकारच्या नोकरीत १५ दिवस मिळतात, खासगी नोकरीत ज्याच्या त्याच्या धोरणावर आहे. मिळत असेल तर ती सूनबाई कामावर रुजू होईल त्या आठवड्यासाठी राखून ठेवता येते का पाहा, कारण त्या वेळी तुझी गरज सर्वाधिक असेल. त्यानंतर मी महिनाभर पुण्यास येऊन राहीन आणि मग विहीणबाई येतील, असे त्यांच्याशी बोलून ठरवते. पाळणाघराचे पैसे भरण्यापूर्वी मला कळव; मीही एकदा तेथे बसून पाहीन. सूनबाईस आणि चिऊस आशीर्वाद.

तुझी,
आई