एककाविना आकडा : टीव्ही आणि साउंडबारच्या खोक्यावरील दाव्यांबाबत तक्रार

प्रति,
प्रमुख, ग्राहक तक्रार विभाग

विषय : ५५ इंची टीव्ही व त्यासोबत घेतलेला साउंडबार यांच्या खोक्यावरील तांत्रिक दावे प्रत्यक्ष वस्तूशी जुळत नसल्याने वस्तू बदलून किंवा पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय / महोदया,

बिलाची प्रत, वॉरंटी कार्ड, दोन्ही खोक्यांचे चारही बाजूंनी काढलेले फोटो आणि आपल्या तंत्रज्ञाने भरून दिलेली जॉबशीट सोबत जोडली आहे.

तक्रार नोंदवून सहा आठवडे झाले. या काळात हेल्पलाइनवरून मला चार वेळा टीव्ही बंद करून पुन्हा सुरू करायला सांगितले, दोनदा सॉफ्टवेअर अपडेट करायला आणि एकदा केबल बदलायला. सगळे केले. त्यानंतर आलेल्या आपल्या ईमेलमध्ये कामाचे वाक्य एकच होते : उत्पादनात कोणताही दोष आढळलेला नाही. ते मला मान्य आहे. टीव्ही बिघडलेला नाहीच. बिघाड खोक्यावरच्या मजकुरात आहे, आणि तो रिमोटने दुरुस्त होत नाही म्हणून हे पत्र.

मी तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले. उत्तर बरोबर असले तरी पुढे एकक लिहिले नसेल तर मी अर्धा गुण कापत असे. मुले वाद घालायची, "सर, पाच आलं की नाही?" मी विचारायचो, पाच काय? पाच मीटर, पाच सेकंद, पाच न्यूटन? निवृत्त झाल्यावर हा प्रश्न एखाद्या कंपनीला विचारावा लागेल असे वाटले नव्हते. आपल्या खोक्यावर ठळक अक्षरांत लिहिले आहे : मोशन रेट २४०. दोनशे चाळीस काय?

त्याच्याच खाली, त्याच निळ्या पट्टीत "१२० स्मूथ" असेही छापले आहे. १२० आणि २४० हे आकडे टीव्हीवर दिसले की कोणीही ते हर्ट्झच समजणार, आणि तसे समजावे म्हणूनच ते तिथे आहेत. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदातली आवर्तने. टीव्हीच्या बाबतीत पॅनेल एका सेकंदात किती वेळा चित्र नव्याने रंगवते ती संख्या. मला १२० हर्ट्झचे पॅनेल का हवे होते तेही सांगतो, कारण "एवढा फरक डोळ्याला कळत नाही" असे हेल्पलाइनवरच्या ताईंनी मला समजावले. मी जुने चित्रपट पाहतो. चित्रपटात सेकंदाला २४ चौकटी असतात. १२० ला २४ ने भाग जातो, प्रत्येक चौकट पाच वेळा दाखवली की झाले. ६० ला जात नाही. मग एक चौकट तीनदा, पुढची दोनदा, पुन्हा तीनदा असे करत ओढून नेतात. कॅमेरा एखाद्या दृश्यावरून सावकाश फिरत असताना चित्र अडखळत पुढे सरकते ते यामुळे. मला ते दिसते, आणि एकदा दिसायला लागले की न पाहणे जमत नाही.

म्हणून घरीच प्रयोग केला. टीव्हीतली चित्र गुळगुळीत करणारी सोय मुद्दाम पूर्ण चढवली, म्हणजे दोन चौकटींच्या मधल्या बनावट चौकटी तयार होतील आणि पॅनेलला जितके जमेल तितके ते दाखवील. पडद्यावर सरळ रेषेत जाणारा चेंडू लावला आणि सेकंदाला २४० चौकटी टिपणाऱ्या फोनने त्याचे स्लो मोशन चित्रण केले. पॅनेल १२० चे असते तर चेंडू दर दुसऱ्या चौकटीत जागा बदलताना दिसला असता. तो दर चौथ्या चौकटीत बदलतो. २४० भागिले ४, म्हणजे ६०. चित्रण मी तीनदा केले, तिन्ही वेळा हेच. फाइल पेनड्राइव्हवर सोबत पाठवत आहे.

आपला तंत्रज्ञ भला माणूस. त्याने चित्रण पाहिले, थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "काका, पॅनेल साठचंच आहे. बॅकलाइटची उघडझाप आणि प्रोसेसरचं काम धरून दोनशे चाळीस लिहितात." हे त्याने जॉबशीटवर लिहायला नकार दिला. त्याला दोष देत नाही, नोकरी त्याची आहे. पण दिव्याची उघडझाप चित्रांच्या संख्येत धरायची, तर खोलीतला पंखा लावल्यावर आणखी किती भर पडते तेही एकदा कळवावे.

आता एचडीएमआय, म्हणजे प्लेअर किंवा कन्सोलमधले चित्र आणि आवाज एकाच केबलने टीव्हीत आणणारी जोडणी. खोक्यावर सोनेरी स्टिकर आहे : एचडीएमआय २.१. माहितीपुस्तिकेच्या शेवटच्या पानावर, भिंग घेऊन वाचावे लागेल अशा अक्षरांत, तिन्ही पोर्टची क्षमता १८ गिगाबिट प्रति सेकंद दिली आहे. १८ ही २०१३ साली आलेल्या २.० या आवृत्तीची मर्यादा. २०१७ साली आलेल्या २.१ ची कमाल क्षमता ४८ आहे. फोर-के चित्र सेकंदाला १२० वेळा, रंगात काटछाट न करता पाठवायचे तर १८ चा रस्ता पुरत नाही. नातवाने त्याचा गेमिंग कन्सोल जोडला तेव्हा १२० चा पर्याय पुसट दिसत होता, दाबता येत नव्हता. हेल्पलाइनने केबलवर बोट ठेवले. मी "अल्ट्रा हाय स्पीड" प्रमाणित केबल आणली. (केबलचीही गंमत अशी की "प्रीमियम हाय स्पीड" म्हणजे १८ आणि "अल्ट्रा हाय स्पीड" म्हणजे ४८. नुसत्या विशेषणांवरून हे ओळखणारा विद्यार्थी मला अजून भेटायचा आहे.) पर्याय पुसटच राहिला. पोर्टच अरुंद असेल तर केबल काय करणार?

यावर आपले लेखी उत्तर असे की नियमांनुसार २.१ मधल्या नव्या सुविधा ऐच्छिक आहेत, म्हणून जुन्या क्षमतेच्या पोर्टलाही २.१ म्हणता येते. हा नियम मी शोधून वाचला. आपले म्हणणे खरे आहे. मात्र ज्या संस्थेने तो केला तिचीच अपेक्षा अशी की आवृत्तीचा आकडा सांगणाऱ्याने कोणत्या सुविधा आहेत हेही सोबत स्पष्ट सांगावे. आपण नियमाचा पहिला अर्धा भाग स्टिकरवर छापला आणि उरलेला पुस्तिकेच्या तळाशी ठेवला.

एचडीआरबद्दल, म्हणजे उजेड-अंधाराचा मोठा पल्ला दाखवणाऱ्या चित्रांबद्दल, थोडक्यातच लिहितो, कारण तिथे निदान आकडा तरी नाही. खोक्यावर "एचडीआर सपोर्ट" आणि "ब्राइटनेस : अल्ट्रा" एवढेच आहे. पुस्तिकेत पॅनेल ८ बिट अधिक एफआरसी आणि उजेड २८० निट्स (निट हे पडद्याच्या उजेडाचे एकक) दिला आहे. ८ बिट म्हणजे प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ छटा, १० बिट म्हणजे १०२४. मधल्या छटा दोन शेजारच्या छटा झरझर आलटून पालटून डोळ्याला भासवायच्या, ही एफआरसीची युक्ती. युक्ती चांगली आहे, तक्रार नाही. पण एचडीआर चित्रे बहुधा १००० निट्सचा पडदा धरून तयार केलेली असतात. २८० मध्ये ती बसवायची म्हणजे सगळेच खाली दाबावे लागते, आणि म्हणून माझ्या टीव्हीवर एचडीआर लावले की रात्रीच्या प्रसंगात फक्त संवाद ऐकू येतात. "सपोर्ट"चा अर्थ इथे संदेश स्वीकारतो इतकाच होतो. पत्र स्वीकारणे आणि पत्र वाचणे यांत फरक आहे, हे तक्रार विभागाला मी वेगळे सांगायला नको.

साउंडबारचे प्रकरण मात्र मला खरोखर लागले, कारण तिथे आपण एकक लिहिले आणि मग त्याचाच अपमान केला. खोक्यावर ६०० वॉट. बारीक अक्षरांत पीएमपीओ, म्हणजे क्षणभरापुरती कमाल शक्ती. साउंडबारच्या अ‍ॅडॉप्टरवर लिहिले आहे : १९ व्होल्ट, ३ अँपिअर. गुणाकार ५७ वॉट. ज्या यंत्रात ५७ वॉटच्या वर काही शिरत नाही त्यातून ६०० वॉट बाहेर पडतात? कपॅसिटरमध्ये साठलेला भार एका क्षणात मोकळा केला तर डोळ्याचे पाते लवण्याच्या आत असा एखादा कडेलोट दाखवता येतो, हे मला ठाऊक आहे. पण पीएमपीओ मोजण्याची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे ६०० लिहिले काय आणि ६००० लिहिले काय, चूक सिद्ध करता येत नाही. पुस्तिकेत आरएमएस, म्हणजे सतत देता येणारी, क्षमता ४० वॉट दिली आहे, तीही १० टक्के विकृती धरून. म्हणजे आवाजात दहा टक्के भेसळ चालवून घेतली तर चाळीस. आवाज स्वच्छ हवा असेल तर त्याहून कमी.

शिवाय टीव्ही आणि साउंडबार दोघांवरही डॉल्बी अ‍ॅटमॉसची खूण आहे, म्हणजे आवाज चहूबाजूंनी आणि वरूनही आल्यासारखा भासवणाऱ्या तंत्राची. माझ्या डिस्क प्लेअरमधून अ‍ॅटमॉस येतो तो ट्रूएचडी या आवाजात काटछाट न करणाऱ्या स्वरूपात, आणि तो टीव्हीतून साउंडबारपर्यंत न्यायला ई-एआरसी, म्हणजे एचडीएमआयवरून टीव्हीतला आवाज बाहेर नेणारी जास्त क्षमतेची वाट, लागते. आपल्या टीव्हीत साधी एआरसी आहे. साउंडबारला एचडीएमआय पोर्ट एकच, त्यामुळे प्लेअर थेट जोडण्याची वाटही बंद. ही जोडी आपण एकत्र विकता आणि "परिपूर्ण जोडी" असे त्यावर लिहिता.

मी प्रत्येक शब्दावर अडून बसणारा नाही. "एलईडी टीव्ही"चा पडदा प्रत्यक्षात एलसीडी असतो आणि एलईडी फक्त मागचा दिवा, हे ठाऊक असूनही मी दुकानात एलईडीच म्हणतो. ३८४० गुणिले २१६० ला फोर-के म्हणतात, वास्तविक चार हजारही पुरते भरत नाहीत आणि चित्रपटगृहाच्या फोर-केची रुंदी ४०९६ असते. चालते. नाव रूढ झाले आहे, आणि ८२,९४,४०० पिक्सेल मला खरोखर मिळाले आहेत. ५५ इंचही पूर्ण मिळाले : कर्णावर टेप धरली, १३९.७ सेंटिमीटर. खोक्यावरचा हा एक आकडा एककासकट खरा आहे आणि तो लिहिणाऱ्याला मी पूर्ण गुण देतो.

माझ्या मागण्या अशा. टीव्ही बदलून १२० हर्ट्झ पॅनेलचा आणि ४८ गिगाबिट क्षमतेचे व ई-एआरसी असलेले किमान एक पोर्ट असणारा द्यावा. ते शक्य नसेल तर टीव्ही आणि साउंडबार दोन्ही परत घेऊन पूर्ण रक्कम परत करावी. साउंडबार एकटा परत घेण्याचा आपला प्रस्ताव मला मान्य नाही, कारण दोन्ही एकाच बिलावर, जोडी म्हणूनच विकले गेले आहेत. सवलतीचे कूपनही नको. याशिवाय एका प्रश्नाचे लेखी उत्तर हवे आहे : मोशन रेट २४० याचे एकक कोणते, आणि ते मोजले कसे?

टीव्ही न्यायला माणसे पाठवाल तेव्हा दोघे पाठवावेत. तो भिंतीवर बसवलेला आहे, एकट्याने निघणार नाही. थर्माकोल, स्क्रू आणि दोन्ही खोकी मी जपून ठेवली आहेत. खोक्यांवर मी पेन्सिलने काही ठिकाणी गोल केले आहेत, ते खोडू नयेत.

आपला,
एक ग्राहक

सोबत : वर नमूद केलेली कागदपत्रे आणि पेनड्राइव्ह एक.