मनूच्या उंचीबद्दल आई-बाबांना

पुणे

ती. आई आणि ती. बाबा यांना,
शि. सा. न. वि. वि.

मनूची उंची वाढत नाही म्हणून केलेल्या तपासण्यांचे सगळे रिपोर्ट आले. फोनवर बोलायला गेलं की आईला रडू येतं आणि बाबा विषय बदलतात, म्हणून सविस्तर लिहितोय. दोघं मिळून वाचा आणि कपाटात ठेवून द्या. काकूला किंवा शेजारी कुणाला दाखवू नका. हे मनूचं आहे. कुणाला काय सांगायचं ते मोठी झाल्यावर तीच ठरवेल.

मनूला टर्नर सिंड्रोम आहे. मुलींच्या पेशींत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात. मनूच्या पेशींत एकच आहे. रक्ताच्या तपासणीत ३० पेशी बघितल्या, सगळ्यांत ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रं निघाली. साधारण दोन-अडीच हजार मुलींमागे एकीला हे असतं. १९३८ साली हेन्री टर्नर नावाच्या अमेरिकन डॉक्टरने अशा सात जणींचं वर्णन केलं, म्हणून त्याचं नाव. एक एक्स कमी असल्यामुळे हे होतं, हे कळायला १९५९ उजाडलं.

आई, आधी तुझ्याशी बोलतो. स्मिता पोटुशी असताना सातव्या महिन्यात ग्रहणाच्या दिवशी ऑफिसला गेली, पपई खाल्ली, उशिरा लग्न केलं, हे तू तिला विचारलंस. तिने मला सांगितलं नव्हतं, मीच विचारून काढलं. हे गुणसूत्र बीज तयार होताना, किंवा गर्भ राहिल्यावर अगदी पहिल्या काही दिवसांत गळतं. म्हणजे जे व्हायचं ते झालं तेव्हा दिवस गेल्याचं स्मितालाही माहीत नव्हतं. सातव्या महिन्यातल्या ग्रहणाचा त्याच्याशी काय संबंध? आईच्या वयाचाही नाही. डाऊन सिंड्रोममध्ये वयाचा संबंध असतो, यात तो आढळलेला नाही. उलट बहुतेक मुलींत जे एक्स हरवलेलं असतं ते वडिलांकडून यायचं असतं. मनूच्या बाबतीत कुणाचं ते आम्ही तपासलं नाही आणि तपासणारही नाही, कारण ते कळून करायचं काय? आमच्या दोघांचं काही चुकलं नाही, घराण्यात काही नाही, कुणाची दृष्ट नाही. एवढं एकदा स्मिताला स्वतःहून फोन करून सांग. ती तुझ्या शब्दाची वाट बघतेय.

आणि आणखी एक गोष्ट मला डॉक्टरांकडून कळली, ती तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. एकच एक्स असलेले बहुतेक सगळे गर्भ पहिल्या काही महिन्यांतच पडून जातात. शंभरातला एखादाच टिकतो. आपली मनू टिकली.

बारशाच्या वेळी तिची पावलं वरून सुजलेली होती, मोजे बसत नव्हते, आठवतं? डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत जन्माच्या वेळचं विचारलं आणि स्मिताला लगेच ते आठवलं. मानेवर खालपर्यंत उतरलेले केस, सारखे फुटणारे कान, मूठ आवळली की चौथ्या बोटाचं दबलेलं हाड, हे सगळं त्यातलंच. सुटं सुटं पाहिलं तर कुणालाही साधं वाटावं असं आहे.

बाबा, तुमचा मुद्दा असा की आपण सगळेच ठेंगणे, मुली उशिरा उंच होतात, थांबू या. तुम्ही आयुष्यभर गणित शिकवलंत, म्हणून आकडेच देतो. आई-वडिलांच्या उंचीची सरासरी काढायची आणि मुलीसाठी त्यातून साडेसहा सेंटिमीटर वजा करायचे. माझी १६८, स्मिताची १५६, म्हणजे मनूची अपेक्षित उंची साधारण १५५ सेंटिमीटर. थोडं कमी-जास्त धरलं तरी ती आपल्या घराण्याच्या रेषेवर असायला हवी. भारतीय मुलांसाठी इंडियन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्सने २०१५ साली काढलेले वाढीचे तक्ते आहेत, त्यात पुण्याच्या डॉ. वामन खाडिलकरांचं मोठं काम आहे. त्यावर मनूचे ठिपके मांडले तर ते सगळ्यांत खालच्या रेषेच्याही खाली पडतात, आणि दरवर्षी त्या रेषेपासून आणखी लांब जातात. या सात-आठ वर्षांच्या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर वाढतात. मनू गेल्या वर्षात जेमतेम साडेतीन वाढली. वय, ठेंगणं घराणं, उशिरा वाढ, या कशातही हा आलेख बसत नाही.

डॉक्टरांनी ग्रोथ हार्मोनची, म्हणजे वाढीच्या हार्मोनची इंजेक्शनं सांगितली आहेत. तुम्ही विचाराल, त्या हार्मोनची तपासणी तर नॉर्मल आली, मग इंजेक्शन कशाला? मीही हेच विचारलं. हाडांच्या वाढीसाठी शॉक्स नावाचं एक जनुक लागतं, ते एक्सच्या टोकावर असतं आणि त्याच्या दोन प्रती लागतात. मनूकडे एक आहे. ग्रोथ हार्मोन तिच्या शरीरात पुरेसं आहे, पण हाडं त्याला हवा तसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणून बाहेरून जास्त मात्रा द्यायची. उपचार न घेतलेल्या मुली मोठेपणी त्यांच्या बरोबरीच्या बायकांपेक्षा साधारण २० सेंटिमीटरने कमी राहतात. उपचाराने सरासरी पाच ते आठ सेंटिमीटरची भर पडते, लवकर सुरू केलं तर काहींना जास्तही. हाताचा एक्स-रे काढला, त्यात हाडांचं वय तिच्या वयापेक्षा थोडं मागे आहे. म्हणजे वाढीला अजून अवकाश आहे, पण तो कायम राहणार नाही. हाडांची टोकं जुळली की कुठलंच औषध चालत नाही. म्हणून थांबायचं नाही, असं आम्ही ठरवलंय.

या हार्मोनने मेंदूचा आजार होतो असं व्हॉट्सअॅपवर तुम्हाला आलं, ते खोटं नाही, पण जुनं आहे. पूर्वी हे हार्मोन मृतांच्या मेंदूखालच्या पियूषिका ग्रंथीतून काढत. १९८५ साली लक्षात आलं की ते घेतलेल्या काही तरुणांना क्रॉइट्झफेल्ट-याकोब हा जीवघेणा मेंदूविकार झाला. अमेरिकेत ते ताबडतोब बंद केलं आणि त्याच वर्षी प्रयोगशाळेत बनवलेलं हार्मोन वापरात आलं. आता सगळीकडे तेच मिळतं. मनूची तपासणी दर तीन महिन्यांनी होणार आहे. डोकं दुखलं, लंगडायला लागली, पाठीचा कणा वाकतोय असं वाटलं, तर लगेच दाखवायचं.

हृदयाचा इको झाला, झडप आणि महाधमनी दोन्ही चांगल्या आहेत. तरी काही वर्षांनी पुन्हा बघायचं. दोन्ही मूत्रपिंडं खालच्या टोकाला जोडलेली आहेत, काम व्यवस्थित करतात. थायरॉइड दरवर्षी तपासायचा.

आई, पाळीचं तू स्मिताला विचारलंस ते बरं केलंस. मनूच्या बीजकोशांनी काम करणं जवळजवळ थांबवलेलं आहे. अकरा-बारा वर्षांची झाली की इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन अगदी थोडं थोडं सुरू करतील, दोन-तीन वर्षांत हळूहळू वाढवतील. तिच्या मैत्रिणींसारखी तीही वयात येईल. गर्भाशय आहे. स्वतःच्या बीजातून मूल होण्याची शक्यता फार कमी. पुढे दुसऱ्या स्त्रीचं बीज घेऊन होऊ शकतं, पण महाधमनीवर ताण येतो, म्हणून तेव्हा नीट तपासूनच. तिला मूल दत्तक घ्यावंसं वाटेल, किंवा काहीच नको वाटेल. ती आठ वर्षांची आहे. तिच्या लग्नाचं काय होणार हा प्रश्न तिच्यासमोर, आत्याच्या समोर, कुणाच्याही समोर आत्ता काढू नकोस, माझी हात जोडून विनंती आहे. तिची बुद्धी तीक्ष्ण आहे, वाचनात वर्गात पुढे आहे, ते तू पाहिलंच आहेस.

बाबा, एक काम मात्र तुमच्याकडे देतो. या मुलींना आकृत्या, दिशा, नकाशे, घड्याळाचे काटे, असं डोळ्यांनी जागा ओळखायचं काम पुष्कळदा जड जातं. मनूला भूमिती का येत नाही यावर गेल्या सुट्टीत तुम्ही चिडलात, ती रडली. तिने आळस केला नव्हता. तुमच्या शाळेतल्या कपाटात ते लाकडी घन आणि शंकू होते ना, तसले मिळवा. तिच्या हातात द्या. प्रत्येक पायरी शब्दांत बोलून घ्या; शब्दांवर तिची पकड चांगली आहे, त्याच वाटेने तिला शिकवता येईल. तुमच्याइतका धीराने शिकवणारा माणूस मला दुसरा माहीत नाही.

दिवाळीत आम्ही येतोय तेव्हा इंजेक्शनं बरोबर असतील. पेनसारखी असतात, रात्री झोपताना मांडीत किंवा पोटावर, रोज जागा बदलून. सुई बारीक असते. मनू आता स्वतःच बटण दाबते. तेव्हा ‘बिचारी’ म्हणू नका आणि डोळे पुसू नका, तिला त्याचाच त्रास होतो. औषध फ्रिजमध्ये ठेवायचं, दोन ते आठ अंश, फ्रीझरच्या जवळ नाही. गोठलं तर टाकून द्यावं लागतं. कराडला वीज गेली तर म्हणून मी थर्मासची पेटी आणतोय, पण मधल्या कप्प्यातल्या बरण्या काढून जागा करून ठेवा.

उंची वाढवायची पावडर मागवली असेल तर परत पाठवा. दाराच्या चौकटीला लोंबकळायला लावू नका. आणि दरवर्षी भाऊबीजेला मुलांना पाठीला पाठ लावून उभं करतात ना, ते यंदा बंद. दादाच्या मुलांना मी सांगतो, काकांना बाबांनी सांगावं.

खर्च मोठा आहे, पण जमवतोय. दुर्मिळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात टर्नरसाठीचं ग्रोथ हार्मोन आहे, मुंबईच्या केईएममध्ये त्याची चौकशी करणार आहे. बाबा, तुमची एफडी मोडू नका. लागलं तर मी मागेन.

गुरुवारी रात्री फोन करतो, तेव्हा काय विचारायचं ते लिहून ठेवा. आईच्या गुडघ्याचं तेल स्मिताने घेऊन ठेवलंय.

तुमचा,
सुहास