पंधरा मिनिटांचं प्रशिक्षण

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या अंकातला गाड्या एकमेकींशी बोलणार असल्याचा लेख दोनदा वाचला. ५.९ गिगाहर्ट्झच्या रेडिओ लहरी, सेकंदाला दहा संदेश, पुढच्याने करकचून ब्रेक मारला की मागच्याला लगेच इशारा, सगळं त्यात आहे. स्टिअरिंगवर बसलेल्या माणसाला हे कोण शिकवणार आणि किती दिवस शिकवणार, याबद्दल मात्र एक ओळही नाही. सव्वीस वर्षं प्रवासी बस चालवून निवृत्त झालोय, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

१ जानेवारी २०१९ पासून नोंद होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी गाड्यांना ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि संकटात मदत मागायचं लाल बटण सक्तीचं झालं, तेव्हा आमच्या गाडीतही तो डबा आला. (संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या माणसांवर माझा राग नाही.) प्रशिक्षण काय मिळालं? दोन ड्युट्यांच्या मधे, आवारात, पंधरा मिनिटं. शेजारी दोन गाड्यांची इंजिनं चालू. शिकवायला आलेला मुलगा भला होता, पण अर्धं इंग्रजीत बोलत होता आणि मागे उभ्या असलेल्यांना तेही ऐकू येत नव्हतं. सह्या मात्र सगळ्यांच्या घेतल्या.

त्यानंतर एका पावसाळ्यात रात्रीची गाडी घेऊन पुण्याकडे येत होतो. खंबाटकीचा बोगदा ओलांडून वळणाच्या उताराला लागलो आणि केबिनमध्ये पीं-पीं सुरू झालं. एअर ब्रेकच्या गाडीत ब्रेक हवेच्या दाबावर चालतात, आणि ती हवा कमी झाली की असाच बझर वाजतो. त्या उतारावर हवा गेली म्हणजे काय, हे चालकाला समजावून सांगावं लागत नाही. मागे चाळीस माणसं झोपलेली. गिअर खाली घेतला, इंजिनावर गाडी रोखत डावीकडे आणली, कंडक्टरने उडी मारून चाकाला दगड लावला. मग मीटर बघितला, तर हवा पुरेशी होती. खिडकीजवळच्या एका लहान मुलाने लाल बटण दाबलं होतं, एवढंच. आवाज बंद व्हावा म्हणून आम्ही तेच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहिलो. एकदा दाबल्यावर तो इशारा गाडीतून बंद होत नाही, कंट्रोल रूममधूनच बंद करावा लागतो, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं. त्याच दिवशी मेमोही मिळाला, धोक्याच्या जागी गाडी का थांबवली म्हणून.

मेमोचं दुःख आता उरलेलं नाही. पुढे जे झालं ते अजून मनातून जात नाही. आवाजाचा त्रास नको म्हणून एकेका गाडीतल्या बटणांच्या वायरी कापल्या गेल्या. वायर तुटली की तसा इशारा कंट्रोल रूमला जातो, पण तिथे बसलेल्यालाही त्याचा अर्थ कुणी शिकवला नव्हता. दिल्लीत १६ डिसेंबर २०१२ ला बसमध्ये जे घडलं, त्यानंतर असं बटण हवं ही मागणी जोर धरत गेली. माझी सून रात्रीच्या गाडीने माहेरी जाते. तिच्या सीटजवळचं बटण जिवंत आहे की मेलेलं, हे तिने कसं ओळखायचं?

आता बोलणाऱ्या गाड्या येणार. तुमच्या लेखात अमेरिकेतल्या न्यूयॉर्क, टँपा आणि वायोमिंगच्या प्रयोगांचा उल्लेख आहे. मुलीने मला त्याबद्दल आणखी वाचून दाखवलं. २०१५ मध्ये ही तीन ठिकाणं निवडली, तेव्हा भाग घेणाऱ्यांना कसं शिकवणार याचा वेगळा आराखडा प्रत्येकाला आधी, नियोजनातच, लिहून द्यावा लागला होता. हे तुमच्या लेखात का नाही?

आपल्याकडे तर ते जास्तच लागणार. उसाच्या ट्रॉलीला धड मागचा दिवा नसतो, तिच्यात हे बोलणारं यंत्र कुठून येणार? ती अंधारात उभी असली तर आपला डबा गप्पच राहील. तो गप्प आहे म्हणजे रस्ता मोकळा आहे असं नव्या पोराला वाटलं, तर तो सरळ जाऊन आदळेल. कोणता आवाज कशाचा, तो ऐकल्यावर हात-पाय काय करतील, आणि आवाज नसतानाही काय करायचं, हे त्याच गाडीत, त्याच सीटवर बसवून, अंधारात आणि मराठीतून शिकवावं लागेल. कंडक्टर, इलेक्ट्रिशियन आणि कंट्रोल रूममधल्यांनाही सोबत बसवा. ते दिवस ड्युटीत धरा, साप्ताहिक सुट्टीत नकोत. भोसरीला सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ रोड ट्रान्सपोर्ट आहे, वाहनांची मानकं छापणारी एआरएआय पुण्यातच आहे. दूर कुठे जायची गरज नाही.

आणखी एक. त्याच अंकात पान पाचवर अपघाताची बातमी आहे आणि तिच्यात पुन्हा ‘चालकाचा ताबा सुटल्याने’. पंचनामा व्हायच्या आधी हे तुम्हाला कुठून कळतं? वेग किती होता, करकचून ब्रेक कधी लागला, हे ठावठिकाणा कळवणाऱ्या त्या डब्यातून कळू शकतं. पुढच्या वेळी तुमच्या बातमीदाराने एवढं तरी विचारावं की गाडीतलं यंत्र चालू होतं का, आणि चालकाला ते कुणी शिकवलं होतं का.

आपला,
एक निवृत्त बसचालक, जि. सातारा