सात नंबरच्या तक्त्यातील चुकांबाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘विद्युत प्रभाराची एकके’ हा तक्ता बदलून मिळण्याबाबत

महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाने जुलैमध्ये आपल्याकडून भौतिकशास्त्राच्या बारा तक्त्यांचा संच २,४५० रुपयांना घेतला. लॅमिनेशन उत्तम आहे, टांगायला पितळी रिंगाही आहेत. तक्रार सात नंबरच्या तक्त्याची आहे.

त्यात ‘१ मिलिअ‍ॅम्पिअर-तास = ३,६०० कूलोम’ असे छापले आहे. एक अ‍ॅम्पिअर प्रवाह सेकंदभर वाहिला की एक कूलोम आणि तासाचे सेकंद ३,६००, म्हणजे हा आकडा अ‍ॅम्पिअर-तासाचा झाला. मिलिअ‍ॅम्पिअर-तासाचे ३.६ कूलोमच होतात. आपण ‘मिलि’ जोडलात आणि हजाराने भागायचे राहिले.

चाचणीत मी मोबाइलच्या ५,००० मिलिअ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीचा प्रभार विचारला होता. उत्तर १८,००० कूलोम. एकवीस मुलांनी १ कोटी ८० लाख लिहिले. गुण कापले, तर एक मुलगी पेपर घेऊन थेट तक्त्यापाशी गेली आणि ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “मॅडम, भिंतीवरच आहे की!” गुण परत द्यावे लागले.

एवढा मोठा आकडा बघून मुलांना शंका यायला हवी होती, असे आपण म्हणाल. पण आकाशातून पडणाऱ्या एका विजेत साधारण १५-२० कूलोमच असतात. बॅटरीचे खरे उत्तरसुद्धा हजारेक विजांइतके भरते! (व्होल्टेज जेमतेम पावणेचार, म्हणून खिसा शाबूत राहतो.) इथे अंदाजाने चूक पकडता येत नाही.

त्याच तक्त्यात खाली १ कूलोम म्हणजे ३,००० कोटी स्टॅटकूलोम (प्रभाराचे जुन्या पद्धतीतले लहान एकक) दिले आहेत, तेही ३०० कोटी हवेत. ३,००० कोटी होतात ते अ‍ॅबकूलोमचे, कारण एक अ‍ॅबकूलोम दहा कूलोमचा.

फोनवर आपले प्रतिनिधी म्हणाले, “एखादं शून्य इकडेतिकडे झालं असेल, वरून स्टिकर लावा.” वहीचा कागद कापून सेलोटेपने लावलाच आहे. मात्र तक्ता वापरला म्हणून बदलून मिळणार नाही, हे मान्य नाही. भिंतीवर लावल्याशिवाय चूक दिसणार कशी?

पंधरा दिवसांत दुरुस्त तक्ता आपल्या खर्चाने पाठवावा आणि हा संच घेतलेल्या इतर शाळा-महाविद्यालयांनाही दोन्ही चुका लेखी कळवाव्यात. अन्यथा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.

आपली,
भौतिकशास्त्र शिक्षिका

सोबत : बिलाची प्रत, तक्त्याचे दोन फोटो (एक स्टिकरआधीचा)